आनंदीबाईंची चरित्रे आणि प्रेरणेचा प्रश्न

चरित्र लिहावयास बसलेल्या माणसास एक मोह हटकून होतो. ज्याचे चरित्र लिहावयाचे त्याच्या पूर्वायुष्यात एखादा असा प्रसंग हुडकून काढावा, की त्या एकाच प्रसंगाने पुढील सर्व आयुष्याचा उलगडा व्हावा. वैद्यकाच्या व्यवसायात नाव मिळविलेल्या व्यक्तींच्या चरित्रांत तर हा मोह फारच बळावलेला दिसतो. घरात कोणी औषधावाचून दगावते, उशाशी बसलेले मूल ते पाहते, आणि मोठेपणी ते डॉक्टर होते. मधली पाने परीक्षा, शिष्यवृत्त्या आणि सत्कार यांनी भरून काढावयाची. वाचकांस ही मांडणी आवडते, कारण तीत दुःखाचे सार्थक झाल्याचे समाधान असते. आणि चरित्रकारास ती सोयीची वाटते, कारण कार्य आणि कारण यांची गाठ एका पानात मारून मोकळे होता येते. ही मांडणी कितपत खरी आहे आणि तिच्या पायी आपण काय गमावतो, याचा विचार डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रांच्या आधारे करावा, असे आम्ही योजिले आहे.

आनंदीबाईंची हकीकत वाचकांस ठाऊक आहेच. तरी पुढील विवेचनासाठी ती थोडक्यात सांगितली पाहिजे. त्यांचा जन्म 31 मार्च 1865 चा. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी पोस्टखात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाले. पती वयाने सुमारे वीस वर्षांनी वडील. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. 1883 साली त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक झाली होती. परंतु क्षयाने त्यांना त्या जागेवर रुजू होऊ दिले नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. बावीस वर्षे पुरी होण्यास महिना उरला होता.

या चरित्रक्रमात अर्भकाचा मृत्यू आणि डॉक्टरची पदवी या दोन गोष्टी अशा उठून दिसतात, की त्यांच्यामध्ये एक सरळ रेघ ओढण्याचा हात कोणासही आवरू नये. आणि तसेच झाले आहे. आज शाळेतील निबंधात, स्मृतिदिनाच्या भाषणात, घरातील वडील माणसांच्या सांगण्यात आनंदीबाईंचे चरित्र एका वाक्यात उरकते: बाळ गेले म्हणून त्या डॉक्टर झाल्या. 2019 साली निघालेल्या 'आनंदी गोपाळ' या चित्रपटानेही कथेचा मुख्य सांधा येथेच बसविला आहे. पडद्यावर दोन-सव्वादोन तासांत आयुष्य दाखवावयाचे तर अशा सांध्यावाचून चालत नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु पडद्याची गरज ही चरित्रलेखनाची गरज नव्हे.

जुन्या ग्रंथांकडे वळले तर चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते. आनंदीबाईंच्या निधनानंतर वर्षभरातच, 1888 साली, कॅरोलिन डॉल या अमेरिकन विदुषींनी त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. त्यांनी आनंदीबाईंस प्रत्यक्ष पाहिले होते आणि अमेरिकेतील स्नेह्यांजवळची पत्रे त्यांना उपलब्ध होती. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले चरित्र तर आमच्या मते आपल्या चरित्रवाङ्मयात मानाच्या जागी ठेवावे असे आहे. काशीबाई स्वतः लग्नानंतर पतीच्या प्रोत्साहनाने शिकलेल्या. नवऱ्याने बायकोस शिकविणे म्हणजे काय, त्यात माया किती आणि जुलूम किती, हे त्यांना बाहेरून पाहावे लागले नाही. म्हणूनच गोपाळरावांच्या विक्षिप्तपणावर त्या बोट ठेवतात, आणि तसे करताना आनंदीबाईंच्या पत्रांस भरपूर जागा देतात. पुढे 1968 साली श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी आली आणि मराठी घराघरांत आनंदीबाई पोचल्या त्या मुख्यतः या कादंबरीतून. तिच्या नावातच दोघे आहेत, आणि तिचा खरा विषय वैद्यक नसून ते विलक्षण दांपत्य आहे. कादंबरीकाराचा तो अधिकार आहे. मात्र कादंबरी हेच चरित्र असे समजून वाचणाऱ्यांच्या मनात आनंदीबाईंचे कर्तेपण दोन ठिकाणी वाटले गेले: अर्धे मृत बाळाकडे, अर्धे हट्टी नवऱ्याकडे. खुद्द आनंदीबाईंच्या वाट्यास सोसणे तेवढे उरले. 1997 साली अंजली कीर्तने यांनी आणि नंतर मीरा कोसंबी यांनी पत्रव्यवहार व तत्कालीन कागद पुन्हा तपासून ही वाटणी बरीचशी दुरुस्त केली. परंतु संशोधन ग्रंथालयात राहते आणि कथा माजघरात, अशी आपली स्थिती आहे.

या प्रचलित कथेवर आमचा पहिला आक्षेप साधा आहे. ज्या काळाविषयी आपण बोलत आहो त्या काळी तान्हे मूल गमावणे ही काही विरळा गोष्ट नव्हती. कोणत्याही जुन्या घराची वंशावळ काढावी; तिच्यात नाव ठेवण्याआधीच गेलेल्या मुलांची गणती नसते, पण घरातील म्हाताऱ्या बायकांस ती तोंडपाठ असे. तेव्हा मूल जाण्याचे दुःखच जर माणसास डॉक्टर करीत असेल, तर 1880 च्या सुमारास महाराष्ट्रात हजारो स्त्रीडॉक्टर निर्माण व्हावयास हव्या होत्या. तशा झाल्या नाहीत. मग त्या इतर मातांचे दुःख कमी प्रतीचे होते काय? त्यांची माया उथळ होती काय? असे म्हणण्याचे धाडस कोणीही करणार नाही. पण आपली लाडकी कथा न बोलता तेच सुचवीत असते. जी एक पुढे गेली तिच्या दुःखास कथा तेजस्वी ठरविते आणि ज्या मागे राहिल्या त्यांच्या दुःखास निष्फळ. हा अन्याय अनवधानाने होतो. म्हणून तो अन्याय नाही असे होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. आपण डॉक्टर का होणार, हे खुद्द आनंदीबाईंनी जाहीर सभेत सांगून ठेविले आहे. 24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीतून भाषण केले. वय सतरा. लोक आपणांस जे प्रश्न वारंवार विचारतात ते त्यांनी स्वतःच क्रमाने मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेस कशासाठी? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकटीच का? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय? तेथे काही अरिष्ट ओढवले तर? आणि आजवर आपल्या स्त्रियांपैकी कोणी केले नाही ते आपणच का करावे?

या प्रश्नांची उत्तरे वाचताना एखाद्या वकिलाची कैफियत वाचीत आहो असे वाटते. पुरुष डॉक्टरासमोर आपले दुखणे उघड करावयास बायका राजी नसतात. परदेशातून आलेल्या डॉक्टरणी आहेत, परंतु भाषा आणि चालीरीती वेगळ्या पडल्याने त्यांचा व्हावा तितका उपयोग होत नाही. तेव्हा हिंदू स्त्रीडॉक्टरांची गरज आहे आणि ती भागविण्यास आपण पुढे होतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मद्रासेस महाविद्यालय आहे आणि अन्य इलाख्यांत सुईणपणाचे वर्ग आहेत, हे त्या लपवीत नाहीत. तेथील शिक्षण अपुरे का, हेही सांगतात. पती बरोबर का येत नाहीत, तर त्यांच्यावर वृद्ध आईबाप आणि धाकटी भावंडे यांचा भार आहे. बहिष्काराचे भय नाही, कारण आपला आचार सोडण्याचा विचार नाही. हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहणार. या सगळ्या भाषणात गेलेल्या बाळाचा उल्लेख नाही.

येथे कोणी असे म्हणेल, की परक्या प्रांतात, पुरुषांनी भरलेल्या सभेत, त्या काळची एक तरुण ब्राह्मण स्त्री आपले असे खाजगी दुःख बोलून दाखवील कशी? ही शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तर देताना आम्ही सावध राहू इच्छितो. भाषणात उल्लेख नाही म्हणून मनात काही नव्हते, असा निष्कर्ष काढणे अडाणीपणाचे होईल. परंतु मनात होते ते इतकेच होते, असा निष्कर्ष काढणेही तितकेच अडाणीपणाचे आहे. आनंदीबाईंनी श्रोत्यांपुढे जे ठेविले ते एक विचारपूर्वक बनविलेले मत होते. त्यात देशातील स्त्रियांच्या स्थितीचे अवलोकन होते, उपलब्ध सोयींची पारख होती, विरोधकांच्या मुद्द्यांची दखल होती. सतरा वर्षांच्या मुलीने इतक्या कष्टाने उभारलेला विचार बाजूस सारून आपण तिच्या वतीने तिचे दुःख पुढे करतो, तेव्हा आपण तिचा गौरव करतो की तिच्या बुद्धीवर अविश्वास दाखवितो? पुरुषाच्या चरित्रात आपण त्याचे विचार उद्धृत करतो आणि स्त्रीच्या चरित्रात तिचे अश्रू; ही सवय आपल्या लेखनातून अजून पुरती गेलेली नाही.

शिवाय बाळाच्या मृत्यूपासून आगबोटीवर पाऊल ठेवीपर्यंत जी चार-पाच वर्षे गेली, ती या कथेत अजिबात नाहीशी होतात. त्या वर्षांतील घटनांची साखळी पाहावी. 1878 साली गोपाळरावांनी कोल्हापुराहून अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. विषय पत्नीचे शिक्षण आणि त्यासाठी आपणांस अमेरिकेत मिळू शकेल अशी नोकरी. उत्तरात धर्मांतराची सूचना आली आणि तो मार्ग तेथेच खुंटला. परंतु ती पत्रे एका मिशनरी मासिकात छापली गेली. पुढे 1880 साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या गृहिणी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता ते मासिक त्यांच्या हाती पडले आणि त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले. त्या पत्रांतून दोघींचा स्नेह जडला; आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या, आणि अमेरिकेत पोचल्यावर त्यांच्याच घरी प्रथम उतरल्या. मध्यंतरी गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर भुज, कलकत्ता, बराकपूर, श्रीरामपूर असा मुक्काम हलत होता. नवऱ्याबरोबर पायी फिरणाऱ्या, पुस्तक वाचणाऱ्या या बाईस रस्त्यातील लोकांची टिंगल सोसावी लागत होती, आणि प्रकृती तर तेव्हापासूनच साथ देत नव्हती. वैद्यकाचा निश्चय या सर्व खटाटोपातून, वाचनातून, अपमानांतून आणि आजारांतून हळूहळू पक्का झाला. चरित्रकाराने हा संथ भाग लिहावा. त्यात नाट्य कमी असले तरी माणूस घडतो तो तेथेच.

आणि माणूस घडला तरी वाट असावी लागते. नारायण पेठेत राहणाऱ्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट विशेष जाणवावी. पेशव्यांच्या हुजुरातीच्या घोड्यांची जेथे पागा होती त्या हुजूरपागेच्या नावाने आज सर्वांस ठाऊक असलेली मुलींची शाळा न्यायमूर्ती रानडे, वामनराव मोडक, डॉ. भांडारकर इत्यादींच्या खटपटीने 1884 च्या सप्टेंबरात सुरू झाली. म्हणजे पुण्यात मुलींसाठी हायस्कूल उघडले, तेव्हा आनंदीबाई फिलाडेल्फियात वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश करीत होत्या. आपल्या पिढीतील ज्या मुलींस गोपाळरावांसारखा हट्टी नवरा किंवा कार्पेंटरबाईंसारखी अनपेक्षित मावशी लाभली नाही, त्यांच्यासाठी वाटच नव्हती. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने 1875 साली स्त्रियांस प्रवेश दिला खरा. पण तेथपर्यंत नेणारी शाळेची पायरी मराठी मुलीस कोठे होती? त्या मातांचे दुःख निष्फळ ठरले ते या कारणाने. चरित्रकाराने हे सांगितले म्हणजे आनंदीबाईंची थोरवी उणी होत नाही. उलट त्यांनी किती मोठी उडी घेतली याचे माप मिळते.

तुलनेसाठी रखमाबाईंचे चरित्र पाहावे. त्या आनंदीबाईंहून काही महिन्यांनी मोठ्या. जन्म 1864 चा. अकराव्या वर्षी लग्न झाले, पण त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे वैद्यकात आणि वनस्पतिशास्त्रात नाणावलेले. म्हणजे या मुलीच्या घरात औषधे, पुस्तके आणि विद्वानांची ये-जा लहानपणापासून होती. पती दादाजी यांनी फिर्याद केली. 1885 साली निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. 1887 साली मात्र, नांदावयास जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला, आणि आपण तुरुंग पत्करू असे रखमाबाईंनी सांगितले. 'केसरी'ने त्या वेळी त्यांच्यावर कडक टीका केली. ज्या नारायण पेठेत मुलींची ती शाळा आज उभी आहे, त्याच पेठेतील गायकवाड वाड्यात पुढे 'केसरी'चे बिऱ्हाड आले. या एका पेठेच्या वस्तीत त्या वादाचे दोन्ही पक्ष शेजारी नांदले, असे म्हणावयास हरकत नाही. 1888 साली दोन हजार रुपयांवर दावा मिटला. पुढे मुंबईस आलेल्या डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने रखमाबाई लंडनला गेल्या, 1894 साली डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर स्त्रियांची सेवा केली. 1955 साली, नव्वदी ओलांडल्यावर त्यांचे निधन झाले.

या चरित्रात कोणाचा मृत्यू किल्लीसारखा सापडत नाही. येथे आहे ते घरातले वातावरण, न्यायालयातली विटंबना, एक मदत करणारी बाई आणि लंडनमध्ये 1874 सालीच उघडलेली स्त्रियांची वैद्यकीय शाळा. आणि म्हणूनच की काय, उण्यापुऱ्या पस्तीस वर्षांची प्रत्यक्ष रुग्णसेवा करूनही रखमाबाई आपल्या घरगुती कथांत आनंदीबाईंइतक्या रुळल्या नाहीत. त्यांची आठवण निघते ती खटल्यामुळे. त्यांनी केलेल्या बाळंतपणांची आठवण कोणी काढीत नाही. कथेस सोयीची नसलेली सेवा आपण विसरतो, हे या सोप्या मांडणीचे दुसरे मोल आहे.

तथापि, एका प्रसंगाने आयुष्य पालटल्याचे उदाहरण कधीच नसते, असे आमचे म्हणणे नाही. वेल्लोरच्या डॉ. आयडा स्कडर यांची हकीकत प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, तिंडीवनम येथे, एकाच रात्री तीन घरचे तीन पुरुष त्यांच्या दारी आले. तिघांच्याही बायका प्रसूतीत अडल्या होत्या आणि तिघांसही स्त्रीच हवी होती. आयडाचे वडील डॉक्टर. पण पुरुष म्हणून ते चालत नव्हते. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया मरण पावल्या. मिशनच्या कामात न पडण्याचा निश्चय केलेल्या आयडाने तो निश्चय मोडला, 1899 साली वैद्यकाची पदवी घेतली, आणि 1918 साली वेल्लोरला स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली. हा प्रसंग त्यांनी स्वतः सांगितलेला असल्याने त्यावर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही. परंतु येथेही लक्षात ठेवावे, की त्या घरात आजोबांपासून वैद्यक चालत आले होते. दार उघडेच होते. त्या रात्रीने आत जाण्याची इच्छा दिली. तोच प्रसंग त्या तीन घरांतल्या मागे राहिलेल्या मुलींनीही पाहिला असेल. त्यांच्यापैकी कोणाचे चरित्र आपल्यापाशी नाही.

मग आनंदीबाईंच्या बाळाचे काय? त्याचे स्थान चरित्रात नाहीच काय? आमच्या मते आहे, पण ते अन्यत्र आहे. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. परदेशी महाविद्यालयात विषय निवडताना वैद्यकाचे सारे क्षेत्र त्यांच्यापुढे होते. त्यातून त्यांनी बाळंतपण निवडले, आणि तेही आपल्याच लोकांतील बाळंतपण. जे श्रीरामपुरच्या सभेत त्या बोलल्या नाहीत, ते कदाचित या निवडीत आहे. हे आमचे अनुमान आहे आणि त्यास अनुमानाहून अधिक वजन कोणी देऊ नये. पण अनुभवाचा माग घ्यावयाचा तर तो अशा ठिकाणी घ्यावा, असे आम्हांस वाटते. खोल अनुभव माणूस क्वचितच बोलून दाखवितो. तो कोणते काम हाती घेतो, कोणत्या कामास चिकटून राहतो, यावरून त्याचा सुगावा लागतो. दुःख हे तेथे निमित्ताच्या रूपाने न दिसता अभ्यासाच्या रूपाने दिसते. ज्या चरित्रकारास हे साधेल त्याला बाळाच्या मृत्यूचे वर्णन करुणरसाने भिजविण्याची गरज पडणार नाही.

हा वाद केवळ ग्रंथांपुरता नाही. आजही आपल्या घरांतून मुले-मुली डॉक्टर होऊ म्हणतात, आणि वडीलधारी माणसे 'कशासाठी?' असे विचारतात. ज्या मुलीच्या आयुष्यात सांगण्यासारखे काही घडलेले नाही, जिने कोणाचा मृत्यू पाहिलेला नाही, तिला आपली इच्छा कमी दर्जाची वाटू लागते. आणि जिच्या घरात खरोखर काही घडले आहे, तिच्याकडून त्या दुःखाची परतफेड पदवीने व्हावी अशी अपेक्षा धरली जाते. दोघींवर ओझे पडते, आणि ते ओझे काही अंशी आपण लिहिलेल्या चरित्रांनी घातलेले असते. श्रीरामपुरच्या भाषणात मात्र दोघींसही उपयोगी पडेल असे काही आहे: लोकांना काय हवे आहे हे पाहणे, ते कोण पुरवितो आणि कोठे कमी पडतो हे तपासणे, आणि मग आपण ते काम करू शकतो काय याचा शांतपणे विचार करणे. यासाठी दुर्दैवाची शिफारस लागत नाही.

म्हणून चरित्रलेखकांस आमची विनंती एवढीच आहे, की आनंदीबाईंच्या आयुष्यातील ते दहा दिवस त्यांनी जरूर लिहावे, पण दहा दिवसांइतक्याच जागेत लिहावे. त्यानंतरच्या वर्षांत त्या काय वाचीत होत्या, कोणास काय लिहीत होत्या, कोणता प्रश्न कसा सोडवीत होत्या, याला उरलेली पाने द्यावी. पत्रे छापलेली आहेत, भाषण उपलब्ध आहे, प्रबंधाचा विषय ठाऊक आहे. सामग्रीची वाण नाही. एका सतरा वर्षांच्या मुलीने सहा प्रश्नांची उत्तरे स्वतः विचार करून दिली होती. तिचे चरित्र लिहिणाऱ्यांनी ती उत्तरे आधी ऐकून घ्यावी, आणि मग आपले सांगावे.